सत्त्याऐंशीच्या पाठीमागे

१

पुस्तक लहान होतं, कोटाच्या खिशात मावेल एवढं. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजून आतला कागद दिसणारे. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी ते हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात अनुसयाबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि मधोमध उघडलं.

"बघा बाई. शहाऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद. मधलं पान गायब."

पान ओढून काढलेलं होतं. शिवणीत एक बारीक दातेरी कड तेवढी राहिली होती.

सन एकोणीसशे एकोणचाळीसचा भाद्रपद संपत आला होता. हिवतापानं त्या भागात एकही घर सोडलं नव्हतं. दवाखान्याचे मोठे डॉक्टर तापाच्या कॅम्पवर गेलेले, आणि मागे सगळा कारभार नर्स अनुसयाबाईंवर. बाई पन्नाशीच्या, विधवा, हैदराबादेत शिकून आलेल्या. बोलणं कमी आणि चष्म्यावरून बघणं जास्त.

"कोणाचं पुस्तक हे?"

"गोरेगावच्या डॉक्टर जिंतूरकरांचं. पुसेगावचे उत्तमराव परवा बुधवारी मेले, ठाऊक असेल. मोठे जमीनदार. दुपारी जेवले, बडबडायला लागले, दिवस मावळायच्या आत खलास. जिंतूरकरानं हिवताप डोक्यात गेला म्हणून क्विनीनची सुई दिली. आता घरचे म्हणतात, उत्तमरावांच्या पायाला आठवड्यामागं नांगराचा फाळ लागला होता. तो धनुर्वात होता, डॉक्टरला ओळखता आला नाही." अमीनसाहेबांनी पुस्तकाची अनुक्रमणिका काढली. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं ते शिपायाने पेन्सिलीने खूण केलेल्या ओळीवर. "सत्त्याऐंशी, धनुर्वात. बराबर तेच पान गेलं. आपली चूक झाकायला डॉक्टरनं फाडलं. त्याला गोरेगावच्या चावडीत बसवून ठेवलाय. तुमी फक्त एवढं सांगा, धनुर्वातानं माणूस असा मरतो का?"

 अनुसयाबाई उठल्या, कपाटातून स्वतःची पिशवी काढली आणि तिच्यातून तसंच लाल पुस्तक बाहेर घेतलं. हे पुस्तक त्या भागातल्या पुष्कळ डॉक्टरांकडे होतं. रोजचे साठ-सत्तर रोगी बघणाऱ्या ज्या माणसाला मोठे ग्रंथ उघडायला सवड नाही, त्याच्यासाठी काढलेलं. रोगाचं नाव, लक्षणं, औषध, मात्रा. सगळं बाराखडीच्या क्रमानं आणि थोडक्यात.

"साहेब, पानाला दोन बाजू असतात," त्या म्हणाल्या. "सत्त्याऐंशीच्या पाठीमागं काय छापलंय, ते कोणी बघितलं का?"

अमीनसाहेबांनी खूण केलेल्या ओळीवरून बोट उचललं.

"अनुक्रमणिकेत फक्त मोठे रोग दिलेत. बारकी नोंद त्यात नाही." बाईंनी आपल्या पुस्तकातलं सत्त्याऐंशी उलटलं. अठ्ठ्याऐंशीच्या वरच्या भागात धावरे होतं, त्वचा लाल होऊन पसरणारा रोग. खालच्या अर्ध्या भागात एकच नोंद होती. बाईंनी ती मनात वाचली, आणि मग त्यांचा आवाज बदलला.

"मेले तेव्हा उत्तमराव हवेत हात फिरवत होते का? काही वेचल्यासारखे?"

"तुमाला कोणी सांगितलं?" अमीनसाहेब म्हणाले. "घरातली सगळी तेच सांगून राहिलीत."

बाईंनी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. "इथं लिहिलंय ते धोत्र्याच्या विषाबद्दल आहे."

२

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अमीनसाहेब आणि अनुसयाबाईंची बैलांची दमणी गोरेगावला पोचली तेव्हा चावडीपुढे माणसं बसलेली होती.  चार दिवसांपूर्वी ह्याच माणसांनी डॉक्टरच्या ओट्यावर रांग लावली होती.

डॉक्टर नरहर जिंतूरकर अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या अंगात ताप होता. तोही हिवतापातून सुटला नव्हता. गावात त्याला 'पुस्तकाचा डॉक्टर' म्हणत, कारण रोग्यासमोर बसून तो ते लाल पुस्तक उघडत असे आणि त्याची लाज बाळगत नसे.

"बुधवारी काय झालं ते सांगा," अनुसयाबाई म्हणाल्या.

"सकाळी त्यांचा गडी ज्ञानबा आला होता. उत्तमरावांना बारीक कणकण होती आणि पायाची जखम चिघळली होती. मी दोन बाटल्या करून दिल्या. दुपारी पुन्हा माणूस आला, लवकर चला म्हणून. गेलो तर तोंड लालबुंद, अंग तापलेलं, तोंडाला कोरड. कोणाला ओळखत नव्हते. हवेतले धागे वेचल्यासारखं चाललं होतं. मी तीन दिवस झोपलो नव्हतो, बाई. गेल्या पंधरवड्यात असेच दोघं हिवतापानं माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. तरी खात्री वाटेना, म्हणून पुस्तकात 'भ्रम' काढलं. तिथं शेवटी लिहिलंय, एकाएकी सुरू झाल्यास पान अठ्ठ्याऐंशी पाहा. मी अठ्ठ्याऐंशी काढायला गेलो."

"आणि?"

"नव्हतं." डॉक्टरने मान खाली घातली. "त्या पानावर काय होतं ते मला त्या वेळी आठवलं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या मला दिसल्या होत्या. शिकताना हे सगळं पाठ केलेलं. पण माणूस समोर झटापट करत होता, चार जण त्याला धरून होते, आणि मी क्विनीन भरलं."

अमीनसाहेब बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "बोलायला काय, कोणीही बोलेल. पान त्यानं नंतर फाडलं असेल. धोत्र्याचं कळलं असेल, घाबरला असेल."

बाई डॉक्टरचं पुस्तक उन्हात धरून उभ्या होत्या. शहाऐंशीव्या पानाच्या कोपऱ्यात जांभळ्या औषधाचा एक मोठा डाग होता, बेडकासारखा पसरलेला. एकोणनव्वदव्या पानावर तसाच डाग होता, आरशात दिसावा तसा उलटा.

"हे जांभळं औषध कधी सांडलं?" त्यांनी कंपाउंडर नामाजीला विचारलं. नामाजी म्हातारा होता, चावडीशेजारच्या दवाखान्याच्या ओट्यावर उकिडवा बसलेला.

"सोमवारी सकाळी. एका पोराच्या तोंडाला लावून राहिलो होतो, त्यानं लाथ मारली. बाटली थेट पुस्तकावर. डॉक्टरनी फडक्यानं टिपलं अन् पुस्तक मिटून टाकलं. ओट्यावर पंधरा माणसं होती, कोणालाबी विचारा."

अनुसयाबाईंनी पुस्तक अमीनसाहेबांपुढे मिटून पुन्हा उघडलं. डागावर डाग बरोबर बसत होता.

"सोमवारी मधलं पान जागेवर असतं, तर शहाऐंशीचा डाग सत्त्याऐंशीवर उमटला असता. तो उमटलाय एकोणनव्वदवर. म्हणजे सोमवारी पान नव्हतंच. उत्तमराव बुधवारी आजारी पडले, साहेब. चूक व्हायच्या दोन दिवस आधी ती झाकायला कोणी पान फाडत नाही."

अमीनसाहेबांनी बराच वेळ तो डाग बघितला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कोणाला तरी दोन दिवस आधी ठाऊक होतं, डॉक्टर कोणतं पान उघडणार ते."

३

नामाजीला आठवत होतं, गेल्या शनिवारी तांड्यावरच्या खेमाला धावरे झालं होतं; तेव्हा डॉक्टरने अठ्ठ्याऐंशी उघडून बघितलं होतं. रविवारी गोरेगावचा बाजार. सोमवारी सकाळी पान नाही. म्हणजे जे झालं ते रविवारी.

"बाजाराच्या दिवशी आतल्या खोलीत कोण कोण आलं?" बाईंनी नामाजीला विचारलं.

"मी तर हायच. गुलाबसिंग आला, बायकोला बाळंतपणाची तकलीफ होती, ती बैलगाडीतच पडून होती. डॉक्टर गाडीपाशी गेले, लई वेळ लागला. शाळेचे व्यंकटराव मास्तर क्विनीनच्या गोळ्या घेऊन गेले. अन् त्यांची लेक सुमनबाई आली होती, लेकराला घेऊन. लेकराला ताप."

"सुमनबाई कोण?"

"उत्तमरावांची भावजय. धाकट्या भावाची, रामकिशनची बायको."

अमीनसाहेबांनी नावं मोजली. गुलाबसिंगाला अक्षर येत नव्हतं आणि उत्तमरावांशी त्याचा काही संबंधही नव्हता. नामाजीला मालक तुरुंगात गेला तर पोटाची पंचाईत होती. राहिले मास्तर. वाचता येणारे, उत्तमरावांच्या घरचे सोयरे, आणि विशेष म्हणजे डॉक्टरविरुद्धची तक्रार रामकिशनच्या नावानं त्यांनीच लिहिली होती.

"बुधवारी मास्तर पुसेगावात होते?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"व्हय," नामाजी म्हणाला. "शाळेला सुट्टी होती. लेकीकडं जेवायला गेले होते."

४

पुसेगावच्या घरात सुतक होतं. ओसरीवर शेजारची दोन माणसं येऊन बसली होती ती अमीनसाहेबांना बघून उठून गेली. मागच्या परसात धोत्र्याची झाडं होती. तशी ती गावात प्रत्येक उकिरड्यावर होती, पांढरी फुलं आणि काटेरी फळं. अनुसयाबाईंनी तिकडे एकदाच बघितलं.

उत्तमरावांची बायको द्वारकाबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर दीड वर्षाचं पोरगं झोपलं होतं.

"हे तुमचं?" बाईंनी विचारलं.

"माझं कुठून. मला मूलबाळ न्हाई. रामकिशनभाऊजींचं हाय. पण दसरा झाला की माझंच होणार होतं, दत्तक घेणार होतो. मालकांनी मुहूर्त काढला होता." तिने पोराच्या कपाळावरची माशी हाकलली. "मालक गेले तरी मी ते करणार. त्यांची इच्छा होती. तेरावं झालं की भटजींना बोलावणार."

"मग रामकिशन आणि सुमनबाई?"

"त्यांना वसमतेकडच्या मळ्यावर ऱ्हायला पाठवायचं मालकांनी ठरवलं होतं. एका घरात दोन आया असल्या की लेकराला कोणती खरी ते कळत न्हाई, म्हणायचे."

रामकिशनला ओसरीवर बोलावलं. तिशीचा, धिप्पाड, डोळे रडून सुजलेले. "माझ्या पोराचं कल्याण होऊन राहिलं होतं," तो म्हणाला. "सगळी जमीन त्याच्या नावानं झाली असती. मी काहून नको म्हणेन? मला सहीबी येत न्हाई, अंगठा मारतो. थोरला भाऊ गेला, आता ह्या घरात वाचणारं कोणी न्हाई, साहेब. कागद आला तर सासऱ्यांची वाट बघतो."

अमीनसाहेबांनी बाईंकडे अर्थपूर्ण नजरेनं बघितलं.

सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विशीतली, कृश, पदर कपाळापर्यंत ओढलेला. विचारलं तेवढंच बोलत होती. रविवारी दवाखान्यात गेले होते, लेकराला ताप होता. डॉक्टर गाडीपाशी गेले, मी बसून राहिले. बुधवारी स्वयंपाक मीच केला, वाढलं जाऊबाईंनी.

"पायाच्या जखमेचं औषध डॉक्टरांनी दिलं होतं ना?" अनुसयाबाई म्हणाल्या. "जरा आण बघू."

सुमनबाई आत गेली आणि एक तपकिरी बाटली घेऊन आली. बुचावर लाख होती, न फोडलेली. कागदाच्या चिठ्ठीवर डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं होतं: जखम धुण्यासाठी. पोटात घेऊ नये. बाईंनी ती वाचून खाली ठेवली आणि दुसरं काही विचारलं नाही.

५

ज्ञानबा गोठ्यात होता. म्हातारा, कानानं थोडा कमी. बाईंनी त्याच्याजवळ बसून विचारलं, बुधवारी डॉक्टरने बाटल्या देताना काय सांगितलं.

"सांगितलं ते मालकांना सांगायचं होतं, की कागद वाचून घ्या, एक प्यायची अन् एक लावायची. मालकांनाच घरात तेवढं वाचता यायचं. मी आलो तवा ते जेवायला पानावर बसले होते. मी बाटल्या कोनाड्यात ठेवल्या. मग हे सगळं सुरू झालं. कोणी हातबी लावला न्हाई."

"तू कोणाला सांगितलंस, कोणती कशाची ते?"

"मलाच काय ठावं, बाई. दोन्ही सारख्याच."

अनुसयाबाई उठून घरात गेल्या. कोनाड्यात दुसरी बाटली होती. तपकिरी, तेवढीच उंच, तीच लाख. अंधाऱ्या खोलीत ती पहिलीहून वेगळी ओळखायला चिठ्ठीशिवाय दुसरी कोणतीही खूण नव्हती.

त्या कोनाड्यापुढे उभ्या राहिल्या. बाहेर ओसरीवर अमीनसाहेब मोठ्यानं बोलत होते. व्यंकटराव मास्तर लेकीकडे आले होते आणि अमीनसाहेबांनी त्यांना उंबऱ्यातच धरलं होतं.

"दत्तक झालं असतं तर तुमचा जावई घराबाहेर. दत्तक झालं नाही तर सगळं जावयाचं. बुधवारी तुमी इथं जेवलात, रविवारी पुस्तकापाशी होतात, अन् तक्रारीत धनुर्वात लिहून सगळ्यांना सत्त्याऐंशीकडं बघायला तुमीच लावलं."

"पान गेलेलं दिसलं, म्हणून मी अनुक्रमणिका वाचली, साहेब, अन् त्यात दिसलं ते लिहिलं," मास्तर म्हणत होते.  "डॉक्टरची चूक वाटली म्हणून लिहिलं. देवाशपथ, मागं काय होतं ते मला ठाऊक न्हाई."

अनुसयाबाई दाराकडे वळल्या, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून पोराचं रडणं आलं. पाठोपाठ भांडं पडल्याचा आवाज झाला.

द्वारकाबाई भिंतीशी उभी होती. चेहरा लाल, डोळे सताड उघडे, बाहुल्या काळ्याभोर पसरलेल्या. पोरगं जमिनीवर रडत होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. तिची बोटं हवेत पुढेमागे चालली होती. पायाशी वरणाच्या पाण्याची वाटी पालथी पडली होती.

६

"पाणी आणा. कढत नको, कोमट. हंडाभर," अनुसयाबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी रबरी नळी काढली. रामकिशनने आणि ज्ञानबाने द्वारकाबाईला धरलं. ती जोर करत होती, दात आवळत होती. बाईंनी मोठ्या कष्टानं नळी आत घातली आणि पाणी ओतायला लागल्या. आलेलं पाणी घंगाळात पडत होतं, पुन्हा ओतायचं, पुन्हा काढायचं.

डॉक्टरला आणायला अमीनसाहेबांनी घोडेस्वार शिपाई गोरेगावला धाडला, पण तो येईपर्यंत वेळ नव्हता. बाईंचे दोन्ही हात गुंतलेले, चष्मा घामानं धुरकट झालेला.

"माझ्या पिशवीत लाल पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "पान अठ्ठ्याऐंशी. पुढं काय करायचं ते वाचा कोणी."

मास्तर ओसरीवर शिपायाच्या ताब्यात होते. अमीनसाहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. रामकिशन आणि ज्ञानबा एकमेकांकडे बघत राहिले. सुमनबाई कोपऱ्यात पोराला कडेवर घेऊन उभी होती. बाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

 द्वारकाबाईच्या घशातून घरघर येत होती. नळी काढल्याबरोबर ती कुजबुजायला लागली. हवेतला हात तिने सुई ओढल्यासारखा वर नेला.

"दोरा संपला," ती म्हणाली. "सुमन, दोरा दे. टोपडं राहिलंय ग. सोन्याला थंडी लागंल."

सुमनबाईचे ओठ हलले. पुस्तक पिशवीतच होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोट धुतल्यावर कोळशाची बारीक पूड पाण्यातून द्यावी," ती म्हणाली. आवाज सपाट होता, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा. "मग कडक चहा. डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या. खोलीत अंधार करावा. रोग्यास बांधू नये. लघवी अडल्यास नळीने काढावी. हिवताप समजून क्विनीन देऊ नये. ही चूक अनुभवी डॉक्टरांकडूनही होते."

रामकिशनच्या हातातून द्वारकाबाईचं मनगट सुटलं.

"धर तिला," अनुसयाबाई त्याला म्हणाल्या. "सुमन, कोळसा कुटून आण. चहा ठेव." क्षणभर थांबून त्या अमीनसाहेबांकडे वळल्या. "कोळसा कुटताना अन् चहा ठेवताना तुमी तिच्याजवळ उभे राहा."

७

ऊन कलत आलं तेव्हा द्वारकाबाई निपचित झोपली होती. नाडी जलद पण भरलेली होती. तापात फणफणलेला डॉक्टर जिंतूरकर दमणीतून उतरून तिच्या उशाशी बसला.  त्याने तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि पट्टी बदलली.

ओसरीवर अमीनसाहेब म्हणाले, "सांगा बाई. मी मास्तरला हातकड्या घालणार होतो."

"ज्यानं पान फाडलं त्याला वाचता येत होतं, इथपर्यंत आपलं दोघांचं एकच होतं," अनुसयाबाई म्हणाल्या. "पुढं तुमी वाचणारे पुरुष मोजले. मीही सुरुवातीला तेच केलं. मग हिनं अंधाऱ्या खोलीतून एका फेरीत बरोबर ती बाटली आणली. दोन सारख्या बाटल्या, दोन्ही बंद, कोणती कशाची ते घरात कोणाला ठाऊक नाही. चिठ्ठी वाचल्याशिवाय ते होत नाही. रविवारी डॉक्टर गाडीपाशी गेले तेव्हा पुस्तकाजवळ बराच वेळ एकटी बसली होती ती हीच. आणि दोन्ही वेळचं अन्न हिच्या हातचं."

"पण कारण? पोरगा जमीनदार होऊन राहिला होता."

"हेच सगळे म्हणत होते. रामकिशन म्हणाला, द्वारकाबाई म्हणाली. तिला कोणी विचारलं, असं मात्र एकाच्याही तोंडून आलं नाही. दसऱ्याला पोर दुसरीच्या ओटीत जाणार आणि हिला वसमतेकडं धाडणार. उत्तमराव गेल्यावर ते थांबेल असं तिला वाटलं. तेरावं झालं की मी तेच करणार असं द्वारकाबाई बोलली, तेव्हा तिचीच पाळी आली."

सुमनबाई खांबाला टेकून बसली होती. पोरगं तिच्या मांडीवर होतं.

"पुस्तक मी तापासाठी उघडलं होतं," ती म्हणाली. "लेकराचा ताप उतरंना. डॉक्टर उठून गेले, म्हणून मीच बघू म्हणलं. पानं चाळता चाळता ते दिसलं. लिहिलं होतं की डॉक्टरसुद्धा फसतात. मी तीनदा वाचलं. मग फाडलं. वाटलं, पुस्तकात न्हाई तर डॉक्टरला सुचणार न्हाई. ते सगळं पुस्तकात बघूनच करतात. घरी येऊन चुलीत घातलं, पण डोक्यातून गेलं न्हाई."

"नवऱ्याशी बोलली नाहीस?"

"चारदा बोलले. पाया पडले. म्हणले, आपण मळ्यावर जाऊ, पण पोरासकट जाऊ. ते म्हणाले, तुला काय कळतं." तिने रामकिशनकडे बघितलं नाही. "थोरल्या भावोजींच्याबी पाया पडले. ते हसले."

व्यंकटराव मास्तर पायरीवर बसले होते. त्यांच्या दंडावरचा शिपायाचा हात केव्हाच निघाला होता. "तिला भाऊ नव्हता," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "मला एकच लेक. सात वर्षांची असताना मीच पाटी दिली. लग्नात म्हणलं, सासरी कोणाला सांगू नको, नावं ठेवतील." 

८

रविवारी सकाळी सुमनबाईला हिंगोलीला न्यायचं ठरलं. दमणी दारात आली. गावातली माणसं लांब उभी होती; पुढे कोणी येईना. डॉक्टर रात्रभर द्वारकाबाईजवळ होता. त्याची सुटका झाली होती, पण गोरेगावला परत जायला तो उठत नव्हता.

"तुमचा दोष नाही असं मी सांगणार नाही," अनुसयाबाई त्याला म्हणाल्या. "बाहुल्या दिसल्या होत्या तुम्हाला."

"हो," तो म्हणाला. "दिसल्या होत्या."

"पण तुमच्या ओट्यावर आज रोगी बसले असतील. जा."

तो उठला.

सुमनबाई गाडीत चढली. पोर रामकिशनच्या कडेवर होतं. ते आईकडे झेप घेत होतं आणि रामकिशन त्याला दोन्ही हातांनी आवळून उभा होता. गाडी हलली. पोराचा आवाज रस्ताभर चिरत गेला.

तेव्हा घरातून द्वारकाबाई बाहेर आली. भिंत धरत, खांब धरत. डोळे अजून उजेडाला टिकत नव्हते. तिने पदर पुढे ओढला होता. ती दिराजवळ गेली आणि हात पुढे केले. रामकिशनने पोर दिलं. सगळ्यांना वाटलं, ती आत जाईल.

ती गाडीमागे चालायला लागली.  अनुसयाबाई मागच्या गाडीतून उतरून तिला धरायला धावल्या. वेशीपाशी अमीनसाहेबांनी गाडी थांबवली.

"काय आहे, बाई?"

"लेकरू अजून अंगावर पितंय," द्वारकाबाई म्हणाली. दम लागल्यानं तिला थांबत थांबत बोलावं लागत होतं. "कालच्या रातीपासून कोणाच्या ध्यानात न्हाई. हिंगोलीत कोर्टापुढं नेईपर्यंत तरी त्याला आईजवळ राहू द्या. न्हाई म्हणू नका."

अमीनसाहेबांनी रस्त्याकडे बघितलं, मग शिपायाकडे. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

द्वारकाबाईने पोर वर दिलं. सुमनबाईने ते घेतलं. दोघींची नजर एकदाच भेटली. सुमनबाई काहीतरी म्हणायला गेली, पण द्वारकाबाई आधीच गाडीच्या दांडीला हात घालत होती.

"तू कुठं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"संध्याकाळी त्याला परत आणायला कोणी तरी पायजे ना," ती म्हणाली, आणि सुमनबाईच्या समोर, पदर तसाच डोळ्यांवर ठेवून, बसली.